आग विझल्यानंतरची वाळू

हरभऱ्याचे रोप उपटले की मुळांवर लहान लहान गाठी दिसतात. त्यांतील जिवाणू हवेतील नत्र बांधून रोपाला पुरवतात, हे आपण सर्वांनी शाळेत शिकलो आहोत. शेतकऱ्याला उपकारक असलेली हीच व्यवस्था परक्या किनाऱ्यावर कशी वागते, याचे उदाहरण पोर्तुगालच्या वालुकाटेकड्यांवर पाहावयास मिळते.

वाऱ्याबरोबर सरकणारी वाळू थोपवण्यासाठी एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत तेथे लांब पानांची ऑस्ट्रेलियन बाभूळ लावण्यात आली. हेतू वाईट नव्हता. आपल्या कोकणकिनाऱ्यावर सुरूची बने उभी राहिली, तीही याच विचाराने.

किनाऱ्याची वाळू मुळातच निःसत्त्व असते. तेथील देशी झुडपे आणि सूक्ष्मजीव त्या अल्प नत्रावरच जगायला सरावलेले असतात. बाभूळ तेथे आली ती एकटी नव्हे. पोर्तुगालमधील तिच्या गाठींत ऑस्ट्रेलियन वंशाचे जिवाणू आढळले आहेत. माणसांच्या स्थलांतराच्या नोंदी आम्ही इतिहासवाले शोधत बसतो. या सहप्रवाशांची नोंद मात्र कोणत्याच बंदरात झाली नसावी.

आवेरोजवळील साओ जासिंटो या राखीव क्षेत्रात 1995 साली आग लागली. आगीची धग वाळूत फार खोल जात नाही. वरच्या थरातील सूक्ष्मजीव मरतात, पालापाचोळ्यातील बराचसा नत्र धुरावाटे निघून जातो आणि राखेमुळे मातीची आम्लता घटते. पण बाभळीचे बी टणक कवचाचे, वाळूत वर्षानुवर्षे निपचित पडून राहणारे. धगीने नेमके तेच कवच तडकते. जळालेल्या जागी बाभळीचे नवे रान माजले.

त्यामुळे संशोधकांना दोन प्रकारच्या जागा शेजारीशेजारी मिळाल्या : वीस वर्षांहून अधिक काळ बाभळीखाली असलेली आणि आगीनंतर व्यापलेली. नत्रयुक्त पाचोळ्याचा थर दोन्हीकडे साचला होता. जुन्या जागेतील वाळू मात्र आतूनच पालटली होती. तेथे कर्ब व नत्र वाढले होते, सूक्ष्मजीवांचे एकूण वस्तुमान आणि त्यांचा श्वसनवेगही वाढला होता. याला सुपीकता म्हणावे काय? शेताच्या मोजपट्टीने म्हणता येईल. परंतु निःसत्त्व वाळूत तगणाऱ्या देशी झुडपांची जागा अशा मातीत नत्रावर झपाट्याने वाढणारी तणे घेऊ शकतात.

म्हणून केवळ झाडे तोडून भागत नाही. तोडणीनंतरही वाढलेला नत्र काही वर्षे मातीत टिकून राहतो. पाचोळाही उचलून नेला, तर माती लवकर पूर्ववत होऊ लागते. अर्थात, तोवर वाळूतले बी तसेच असते, पुढच्या आगीची वाट पाहत. 2015 पासून तेथे ऑस्ट्रेलियातीलच एक चिमुकली गांधीलमाशी सोडण्यात येत आहे. ती कळ्यांत अंडी घालते, फुलांच्या जागी गाठी धरतात आणि नवे बी कमी पडते. जमिनीत आधीच साठलेल्या बियांवर मात्र तिचा काही इलाज चालत नाही.