न बोलावता बोलणारा डबा

कसबा पेठेतल्या एका वाड्यातली गोष्ट. दहा बाय बाराची खोली, पलीकडे तांबट आळीची ठोकठोक. रविवारी संध्याकाळी मंडळी बुद्धवंदनेला बसली होती. त्रिसरण अर्ध्यावर आले आणि टीव्हीशेजारचा डबा एकाएकी पेटून बाईच्या आवाजात म्हणाला, "माफ करा, मला समजले नाही." मुले खो खो हसली. आजी म्हणाली, "ह्याला कुणी हाक मारली होती?"

आजीचा प्रश्न बरोबर आहे. थोरल्याने हप्त्यावर आणलेला हा स्मार्ट स्पीकर. नाव घेतल्याशिवाय जागा होत नाही, असे दुकानदार सांगतो. पण नाव ऐकायचे तर कान सतत उघडेच ठेवावे लागतात! नावासारखा नाद आला की त्याला हाक मारल्यासारखे वाटते, दिवा लागतो आणि पुढचे बोलणे इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जाते. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली असे फसवे शब्द शोधले, ते हजारावर भरले.

बरे, तिकडे नुसते यंत्रच ऐकते असेही नाही. २०१९ साली बेल्जियमच्या व्हीआरटी या प्रसारण संस्थेच्या हाती गुगलची हजारावर ध्वनिमुद्रणे लागली. पैकी १५३ वेळा कुणी हाकच मारली नव्हती. घरातली भांडणे, निजायच्या खोलीतले बोलणे. आणि ते कंत्राटी माणसे ऐकत होती.

बंगल्यात बोलायला वेगळी खोली असते. आपल्याकडे मुलीच्या स्थळाची बोलणी, पतपेढीचा थकलेला हप्ता, सासूसुनेची कुरबूर, आजारपण, सारे त्याच डब्यासमोर.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांची अवाजवी झडती होता कामा नये, असे कलम मांडले होते. घटनेत ते आले नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा निकालपत्रात बाबासाहेबांच्या त्या कलमाची नोंद झाली. बाबासाहेबांपुढे सरकारी झडती होती. हा डबा आपण पैसे मोजून घरात आणतो.

तो फेकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. मुले त्यावर भीमगीते ऐकतात, स्पेलिंग विचारतात. पण बहुतेक डब्यांवर माईक बंद करायचे बटण असते. मोबाईलवरच्या ॲपमध्ये मुद्रणे साठली असतील तर ती पुसता येतात. पुसण्याआधी एकदा सगळ्यांनी बसून ऐका.

त्या घरी आता वंदनेआधी आजी मेणबत्ती लावते आणि नातू डब्याची वायर काढतो.