लेकराची वाकळ
पूर्णा जंक्शनजवळच्या एका गल्लीत राहणाऱ्या मावशी तान्ह्या लेकरांसाठी वाकळी शिवतात. नमुना कागदावर नाही. सासूबाईंच्या हातची एक विटलेली वाकळ आहे, तीच त्या उलटी करून समोर ठेवतात. पाठीला पांढरं धोतर असल्यानं टाक्यांची वाट स्पष्ट दिसते: कडेनं निघून चौकोनी फेऱ्या घेत मध्यावर पोचणारी.

यात कापूस भरत नाहीत. वर-खाली सुती लुगडं, आत धोतराचे थर. नव्या कापडाला खळ असते, शिवाय ते धुतल्यावर आटतं. वर्षानुवर्षं धुतलेलं आधीच आटून मऊ झालेलं असतं. जरीचा काठ गालाला टोचतो, म्हणून तो आधी उसवायचा.

फरशीवर थर अंथरून मावशी तळहातानं चुण्या कडेला सारतात. कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या. लांब कच्चे टाके घालून झाले की खरं काम सुरू. डावा हात कापडाखाली. सुईचं टोक बोटाला लागलं की तेच बोट तिला वर ढकलतं. तीन-चार टाके सुईवर भरायचे, मगच दोरा ओढायचा. मी घातलेली ओळ पाहून म्हणाल्या, "लई ओढू नको माय, कापड गोळा व्हायलंय." गाठ वर दिसत नाही, ती थरांच्या पोटात घेतात. कोपरे आधी विरतात, म्हणून तिथं त्रिकोणी तुकड्यांची दुहेरी जोड.

अडचण जुन्या सुताची आहे. हा कापसाचा मुलूख. निजामाच्या काळी नांदेडकडचा गावराणी कापूस तलम धाग्यासाठी नावाजलेला. आज मावशींकडे येणाऱ्या गाठोड्यांत पॉलिस्टरच्या साड्याच जास्त. त्या ओल शोषत नाहीत, लेकराची पाठ घामेजते. मावशी अशी गाठोडी परत पाठवतात आणि मला ते शंभर टक्के पटतं. दिसायला रंगीत म्हणून तान्ह्याच्या अंगाखाली काहीही घालू नये. घरातल्या आजीचं लुगडं बोहारणीला देऊन वर दुकानातली रजई आणणारे पाहिले की जीव हळहळतो.

शिवून झालेली वाकळ गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवली की मगच बारशाला जाते. उन्हाळ्यात लेकराखाली एकच अंथरतात. थंडीत दुसरी अंगावर.