ब्रूचची मागची बाजू

नऊवारी नेसणाऱ्या बाईचं पिनेवाचून कधी अडलं नाही. निऱ्या खोचल्या, कासोटा मारला, पदर आवळून कमरेला खोवला की खुरपण असो की वारीची वाट, लुगडं जागचं हलत नाही. पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरच्या आमच्या करकंबात दोन-तीन पिढ्यांमागचा ब्रूच एखाद्या घरी निघालाच, तर तो बहुधा शाळामास्तरणीचा, नाहीतर नवऱ्याच्या नोकरीपायी शहरात राहून आलेल्या सुनेचा. खांद्यावरचा पदर सावरायला म्हणून ब्रूच आपल्याकडे आला, नटणंमुरडणं मागाहून.

त्या पदराचा धागा मुंबई इलाख्यातच सापडतो. सनदी नोकरीतले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी 1864 साली मुंबईला आल्या. पारशी बायकांचं नेसणं पाहून त्यांनी स्वतःची तऱ्हा बसवली. पदर डाव्या खांद्यावर घ्यायचा आणि ब्रूचने टाचायचा. बदल्या होत होत सत्येंद्रनाथ सोलापुरातही न्यायाधीश होते. धाकटे रवींद्रनाथ तिथे त्यांच्याकडे मुक्कामाला राहून गेले. तेव्हा टाचलेला पदर आमच्या जिल्ह्याच्या गावाने एकोणिसाव्या शतकातच पाहिला असणार. खेड्यात यायला मात्र त्याला पाचवारी-सहावारीची वाट पाहावी लागली.

पिनेची स्वतःची हकिकत याहून मजेशीर आहे. तारेला वेटोळं देऊन तिलाच स्प्रिंग करायचं आणि टोक खोबणीत अडकवायचं, ही युक्ती युरोपातल्या कांस्ययुगाच्या माणसाला तीन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती. तरी न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने 10 एप्रिल 1849 रोजी सेफ्टी पिनेचं पेटंट घेतलं आणि 400 डॉलरला विकून टाकलं. पैसा पुढे दुसऱ्यांनी केला. त्याच काळातल्या ब्रूचची पाठ मात्र अगदी भाबडी असे. एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला नुसता वाकवलेला आकडा, कुलूप काही नाही. पिन सुटू नये म्हणून तिचं टोक ब्रूचच्या कडेबाहेर काढून पुन्हा कापडात खुपसत. फिरवून बंद होणारी कडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली. जुन्या वस्तूंचे जाणकार ब्रूच हाती आला की आधी उलटा करतात, ते यासाठी. अर्थात पिन मोडली की सोनार नवी बसवून देतो, म्हणून एकट्या पिनेवरून वय ठरवू नये.

आपल्या सोनाराला अडकवण्याची विद्या परकी नव्हती. पाटल्यांचं मळसूत्र, कुड्यांची फिरकी, नथीचा फासा, नाक न टोचलेल्या मुलींसाठी चापाची नथ, हे सगळं त्याच्या हातातलं. चापाच्या नथीत तर स्प्रिंगचीच करामत. पण ब्रूच त्याला वेगळ्या पेचात टाकतो. पिन ताठ हवी, वाकवली तर परत फिरणारी हवी आणि टोकाला इतकी गुळगुळीत हवी की रेशमाचा धागा ओढला जाऊ नये. बावीस कॅरट सोनं या कामाला कुचकामी. ते वाकतं आणि वाकलेलंच राहतं. म्हणून सोन्याच्या ब्रूचलाही पिन हलक्या कसाची, चांदीच्याला अनेकदा जर्मन सिल्व्हरची.

खरी मेख आगीत आहे. तार जंतरातून ओढली, पिळली, ऐरणीवर हलक्या हाताने ठोकली की कडक होते. तापवली की पुन्हा मऊ. त्यामुळे बिजागरी आणि कडी आधी टाकणखार लावून झाळून घ्यायची, ब्रूच साफ करायचा, आणि पिन सगळ्यात शेवटी, थंड असताना, बारीक खिळ्याने जोडायची. हा क्रम उलटला की पिन शेवयांसारखी लोळते. मग ग्राहक म्हणतो, सोनाराने माल हलका वापरला.

जागेचाही हिशेब असतो. पिन मधोमध लावली तर ब्रूच पुढे ओणवा होतो, म्हणून ती वरच्या तिसऱ्या हिश्शात. घालणाराच्या उजव्या हाताला बिजागरी, डावीकडे कडी, कडीचं तोंड खाली. वजनाने ब्रूच खाली ओढला जातो, कापडात रुतलेली पिन कडीच्या बंद बाजूला टेकते आणि चुकून कुलूप उघडं राहिलं तरी ब्रूच पडत नाही. तोंड वर असेल तर तेच वजन पिनेला बाहेर काढतं. इतकी साधी गोष्ट, पण आज बाजारातले निम्मे ब्रूच बघा, कडी कुठेही तोंड करून बसलेली असते.

जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि नवा दागिना 14 कॅरटच्या वर करायला बंदी झाली. पिनेपुरतं बोलायचं तर 14 कॅरट उत्तमच, चांगलं स्प्रिंग धरतं! पण बावीस कॅरटवर पोट असलेल्या गावोगावच्या सोनारांच्या बागेसऱ्या, म्हणजे शेगड्या, थंडावल्या. सुवर्ण नियंत्रणाचा 1968 चा कायदा 1990 मध्ये रद्द होईपर्यंत सोनारांची पोरं दुसऱ्या धंद्याला लागली होती. सेफ्टी पिनांचं पान किराणा दुकानातही मिळत होतं. ब्रूच मुद्दाम घडवून घेण्याचं कारण उरलं नाही.

गेल्या काही वर्षांत ब्रूच परतला तो कापडाच्या रूपात. खण, इरकल, पैठणीच्या काठाचे तुकडे, वर मोती नाहीतर नथीचा आकार. करणाऱ्या बहुतेक बायका घरी बसून करतात; समोरची बाजू देखणी असते, मागे मात्र तयार पट्टीपिन गरम गोंदाने चिकटवलेली. सोलापूरच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिली की गोंद मऊ पडतो आणि मंगल कार्यालयात पिन पदराला, फूल जमिनीवर. भोकं असलेली पट्टीपिन घ्यावी, मागे बकरम घालून दुहेरी दोऱ्याने टाचावी, टाके झाकायला वरून अस्तर लावावं. लांबट ब्रूचला दोन पिना, नाहीतर तो गरगर फिरतो.

लोहचुंबकाचे ब्रूचही आता दिसतात. तलम रेशमाला भोक पडत नाही हा त्यांचा मोठा गुण; जरीचा जड पदर मात्र त्यांना पेलवत नाही, घसरत खाली येतो. आणि पेसमेकर बसवलेला असेल त्या माणसाने ते छातीवर लावूच नयेत.