दोन घोस्ट

गाडीला भुताचं नाव देण्याची कल्पना आपल्याकडे कुणाला सुचली नसती. आपण नव्या गाडीला आधी लिंबू-मिरची बांधतो! पण १९०७ साली रोल्स-रॉईसने आपल्या एका गाडीला चंदेरी रंग दिला, तिचं नाव ‘सिल्व्हर घोस्ट’ ठेवलं आणि पुढे ते साऱ्या मालिकेलाच चिकटलं. गाडी भुतासारखी, आवाज न करता येऊन उभी राही म्हणून हे नाव.

सात लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन. ताकद सुमारे ४८ अश्वशक्ती. कंपनी इंजिनासह नुसती चासी विकायची. वरची बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. ब्रेक फक्त मागच्या चाकांना आणि सुरू करायला हँडल. तरीही त्याच वर्षी चाचणीत ती जवळजवळ पंधरा हजार मैल धावली. नंतर सुटी करून तपासली, तेव्हा झिजलेल्या भागांचा खर्च निघाला दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स! १९०८ साली अशीच एक गाडी मुंबई-कोल्हापूर चाचणीत आपले घाट चढली. ती पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली.

आता तिची पणती पाहा. कंपनी बीएमडब्ल्यूकडे गेल्यावर २००९ साली नवी ‘घोस्ट’ आली, २०२० साली तिची दुसरी पिढी. बारा सिलिंडर, पावणेसात लिटर, ५६३ अश्वशक्ती. ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला पाच सेकंदही लागत नाहीत. आवाज अडवण्यासाठी तिच्यात शंभर किलोहून अधिक साहित्य भरलं आहे. त्याने आत इतकी शांतता झाली, की माणसाला चमत्कारिक वाटू लागलं. मग इंजिनिअरांनी मुद्दाम हलकीशी कुजबुज शिल्लक ठेवली!

नातवंडांना घेऊन लांब जायचं, तर कुणीही नवीच निवडावी. ब्रेक, एअरबॅग, थंडगार हवा यांत तुलनाच नाही. पण बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात उमर गेलेला माणूस वेगळा प्रश्न विचारतो : शंभर वर्षांनी हिचं काय? आमच्या हिशेबात मोटार म्हणजे दरसाल घसारा. जुन्या घोस्टने तो हिशेब उलटा केला. तिचा भाग मोडला, तर मापं घेऊन लेथवर नवा घडवता येतो. नव्या गाडीतला संगणकाचा भाग मिळेनासा झाला, तर कोणत्या लेथवर घडवणार?

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ अशी वेगळी नोंदणी आणली. वीस हजार रुपये शुल्क, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आणि रोजच्या वापराला बंदी. गाडी जपण्याची सोय झाली, हे चांगलंच. पण कानाने इंजिनाचं दुखणं ओळखणाऱ्या मिस्त्रीची नोंद कुठल्याच वहीत नाही. त्याच्या हाताखाली आज एखादा पोरगा शिकत असेल, तरच या गाड्या उद्या चालतील. नाहीतर त्या नुसत्या पुसून ठेवाव्या लागतील.