मुलाखत आणि वाणी

गेल्या वैशाखांत बदलापुरांतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतला मुलगा एका कारखान्यांत मुलाखतीस गेला होता. यंत्रविद्येची पदविका प्रथम वर्गांत, स्वभाव विनयशील, वर्तन निष्कलंक. परंतु ‘आपल्याविषयीं कांहीं सांगा’ हें पहिलेंच वाक्य ऐकतांच त्याची वाचा बसली, आणि चार मिनिटांत तो बाहेर आला. घरीं सर्वांनीं दैवास बोल लाविला. आम्हांस मात्र तो बोल आमच्याच पदरीं घ्यावासा वाटला. कारण हा मुलगा एके काळीं आमच्याच वर्गांत होता, आणि ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा त्यास आम्हींच नित्य देत होतों.

ज्या मुलास दहा वर्षें गप्प बसण्याबद्दल शाबासकी मिळाली, त्यानें अकराव्या वर्षीं एकाएकीं वक्ता व्हावें, ही अपेक्षा न्यायाची नव्हे. घरांतही तोच प्रकार. पाहुण्यांनीं ‘बाळ, तुझें नांव काय?’ असें विचारावें आणि उत्तर आईनें द्यावें. ‘पुढें काय शिकणार?’ याचें उत्तर काकांनीं द्यावें! एकत्र कुटुंबांत बोलणारीं माणसें पुष्कळ, म्हणूनच मुलावर बोलण्याची पाळी येत नाहीं.

अंबरनाथच्या पलीकडे, उल्हासनगरांत, निराळें चित्र दिसतें. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबें कल्याणजवळच्या लष्करी छावणींत येऊन राहिलीं. १९४९ सालीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. घरदार गमावून आलेल्या त्या लोकांपैकीं पुष्कळांनीं दुकानें थाटलीं. वडिलांच्या गल्ल्याशेजारीं बसणारें मूल अनोळखी गिऱ्हाइकाशीं न बिचकतां बोलावयास आपोआप शिकतें. आमच्या घरांत तो गल्ला नाहीं. त्याची उणीव दुसऱ्या रीतीनें भरून काढिली पाहिजे.

ही विद्या आपणांस परकी मुळींच नव्हे. पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाण्यासारखें म्हणणारा, घाई करणारा, मान हालविणारा, लिहिलेलें पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि क्षीण आवाजाचा. महाविद्यालयांत पडद्यावर अक्षरें उमटवून, सभेकडे पाठ करून तींच वाचणारा विद्यार्थी चौथ्या प्रकारांत मोडतो. पाठ केलेलें इंग्रजी उत्तर घडाघडा म्हणणारा एकदम दुसऱ्या व पांचव्या. गुणही तेथें सहाच आहेत: माधुर्य, अक्षरांची स्पष्टता, पदांची सुटी मांडणी, सुस्वर, धैर्य आणि लय. उच्चाराच्या शास्त्रांत धैर्याची गणना व्हावी, यांतच सर्व मर्म आहे.

केंद्र शासनानें १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या, हें खरें. परंतु खासगी कारखान्यांत व कचेऱ्यांत तो उंबरठा ओलांडावाच लागतो. म्हणून आमची गृहस्थांस विनंती अशी, कीं दर रविवारीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर आजोबांनीं अध्यक्ष व्हावें, आणि मुलानें अथवा मुलीनें उभें राहून पांच मिनिटें बोलावें. कोणीं मध्यें बोलूं नये, हंसूं नये. मग प्रत्येकानें एकेक प्रश्न विचारावा. ‘मी मेहनती आहें’ हें उत्तर कोणासही देतां येतें. अंबरनाथच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत लेथवर काम केलेल्या मुलानें कोणता भाग घडविला, माप कोठें चुकलें व तें कसें सुधारलें, हें सांगावें. ठाऊक नसेल तें ‘ठाऊक नाहीं’ असें स्वच्छ म्हणावें. आणि मुलाखतीच्या दिवशीं नेहमींच्या लोकलवर विसंबूं नये. दोन गाड्या आधीं निघावें.

तो मुलगा आतां दर रविवारीं आमच्या घरीं येतो. पहिल्या दिवशीं तो एक मिनिटही बोलला नाहीं. परवां मात्र यंत्राच्या वंगणाविषयीं सलग सहा मिनिटें बोलला, आणि आम्हीं मध्येंच कांहीं विचारतांच ‘गुरुजी, आपला थोडा गैरसमज होत आहे’ असें म्हणून आमची चूक त्यानें नम्रपणें दाखविली. नोकरी अद्याप मिळावयाची आहे. परंतु तोंडावरचें तें बोट निघालें, ही गुरुदक्षिणा आम्हांस पोंचली.