औषधाच्या अलीकडचे काम : जामखेडचा धडा आणि आपण

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा एखाद्या नव्या औषधाविषयी लिहावे असा माझा मानस होता. परंतु लेखणी हाती घेताच एक रुग्ण डोळ्यांसमोर उभा राहिला. वय पंचेचाळीस, मूळ गाव खानदेशातले, बिऱ्हाड लिंबायतला आणि काम पॉवरलूमच्या खात्यावर, बारा तासांच्या पाळीचे. रक्तदाब १८०/११० होता. मी गोळ्या लिहून दिल्या, ‘मीठ कमी करा’ असे सांगितले आणि महिन्याने बोलाविले. तो आला नाही. सात महिन्यांनी नातेवाइकांनी त्याला उचलून आणले. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती.

त्याची पत्नी म्हणाली, “डॉक्टरसाहेब, बरं वाटू लागलं म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. दाखवायला यायचं तर पाळी बुडते. आणि मीठ कमी करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते आम्हाला समजलंच नाही.”

निदान अचूक होते, औषधही योग्य होते. माझा दवाखाना त्यांच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर होता. तरीही रुग्ण हातचा गेला. मग चूक कोठे झाली? या प्रश्नाने मला पुन्हा एकदा जामखेडकडे वळविले.

रुग्णालयाकडून समाजाकडे

ख्रिस्ती मिशनची वैद्यकीय सेवा म्हटली की आपल्याला मिरजेच्या वॉनलेस रुग्णालयासारख्या संस्था आठवतात. या रुग्णालयांनी असंख्य प्राण वाचविले. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यानंतर चर्चमधील विचारवंतांनाच एक शंका भेडसावू लागली. रुग्णालये भरलेली आहेत, पण भोवतालचा समाज निरोगी होतो आहे काय? १९६४ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे या विषयावर विचारविनिमय झाला. आरोग्य राखणे हे केवळ डॉक्टरांचे नव्हे, तर संपूर्ण मंडळीचे, म्हणजे उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या सामान्य स्त्रीपुरुषांचे काम आहे, असा विचार तेथे मांडला गेला. १९६८ साली जिनिव्हा येथे जागतिक चर्च परिषदेच्या अंतर्गत ख्रिश्चन मेडिकल कमिशनची स्थापना झाली आणि या विचाराला संस्थात्मक बळ मिळाले.

या विचाराचे अत्यंत तेजस्वी रूप पाहावयाचे असेल, तर परदेशी जाण्याची गरज नाही. ते आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे आहे.

आरोळे दांपत्याचा प्रयोग

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. १९६० साली विवाहप्रसंगीच त्यांनी खेड्यातील गरिबांच्या सेवेचे व्रत घेतले. वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले, की तेच ते रुग्ण त्याच त्या टाळता येण्याजोग्या आजारांसाठी पुन्हा पुन्हा येतात. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

प्रेरणा ख्रिस्ती श्रद्धेची होती. सेवा मात्र सर्वांसाठी होती आणि गावकरी बहुसंख्येने हिंदू होते. प्रारंभी खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका पाठविण्यात आल्या. पण बाहेरून आलेल्या तरुण मुलींना गावाने आपले मानले नाही. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी, असे ठरले. यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, शिकत. निरनिराळ्या जातींच्या या स्त्रिया एकत्र जेवत आणि एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. आरोग्यशिक्षणाचा पहिला पाठ तेथेच गिरविला जाई. कूपनलिका दलित वस्तीत खोदल्या गेल्या, त्यामुळे पाण्यासाठी सारे गाव तेथे येऊ लागले. शेतकरी मंडळे व महिला मंडळे स्थापन झाली. मुलांचे वजन, गरोदर मातेची तपासणी, जुलाब झालेल्या बाळाला मीठसाखरेचे पाणी ही कामे गावातच होऊ लागली.

परिणाम काय झाला? प्रकल्पाच्या आरंभी या भागात हजार जन्मांमागे सुमारे १७६ अर्भके दगावत. १९९०च्या दशकाच्या मध्यास हे प्रमाण तिसाच्या खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ साली देशात सुरू झालेल्या ‘आशा’ योजनेमागेही जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव उभा होता. मेबलताई १९९९ साली आणि रजनीकांतजी २०११ साली निवर्तले. परंतु त्यांनी लावलेला वृक्ष उभा आहे.

सुरतकरांनी काय घ्यावे?

आरोग्य केवळ दवाखान्यात घडत नाही, हे आपण सुरतकर अनुभवाने जाणतो. १९९४ साली प्लेगच्या भीतीने लाखो लोकांनी शहर सोडले. त्यानंतर १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराचे रूप पालटले, ते कचरा, गटारे आणि पाणी यांकडे रोज लक्ष दिल्यामुळे.

आज आपल्यापुढचा शत्रू उंदराच्या पिसवेतून येत नाही. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि मशेरी हे त्याचे अवतार आहेत. त्यावर आपण वर्षातून एकदा गणेशोत्सवात तपासणी शिबिर घेतो. शिबिरात रक्तदाब सापडतो; गोळी बंद झाली हे मात्र शिबिराला कळत नाही. ते शेजारणीला कळते. जामखेडचे मर्म नेमके येथे आहे.

खेडे आणि भाड्याच्या खोल्यांची वस्ती यांत फरक आहे. आपली माणसे बिऱ्हाडे बदलतात, पाळ्या बदलतात. म्हणून जामखेडची नक्कल करून चालणार नाही. पण आपल्याकडे भजनी मंडळे आहेत, हळदीकुंकू आहे, देऊळ आहे, चर्च आहे, बुद्धविहार आहे. प्रत्येक गल्लीने आपल्यातील एक भगिनी निवडावी. आपण डॉक्टरांनी तिला यंत्रावर रक्तदाब मोजण्यास शिकवावे, एक वही द्यावी. तिने औषध बदलावयाचे नाही. फक्त मोजावे, नोंदवावे, गोळी थांबविणाऱ्यास आमच्याकडे धाडावे. मीठ दिवसाकाठी माणशी पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, कमी असावे आणि त्यात पापड, लोणचे, ठेचा व शेव यांतील मीठही धरावे, हे तिने स्वयंपाकघरात बसून सांगितले, तर माझ्या चिठ्ठीपेक्षा ते अधिक उतरेल.

जामखेडच्या एका ग्रामआरोग्यसेविकेने अमेरिकेतील परिषदेत स्वतःची तुलना छतावरच्या झुंबराशी नव्हे, तर साध्या पणतीशी केली होती. झुंबर महागडे, त्याला वीज हवी. पणती मात्र दुसरी पणती पेटवू शकते.

माझा तो रुग्ण आज काठीच्या आधाराने चालतो. वाचा अजून पूर्ण आलेली नाही. गेल्या खेपेस त्याची पत्नी आली, तेव्हा तिच्यामागे दोन शेजारणी उभ्या होत्या. ती म्हणाली, “साहेब, ह्यांनीपण गोळ्या बंद केल्या होत्या. मीच घेऊन आले.” तिला हे काम कोणी सांगितले नव्हते. आपण सांगावे, शिकवावे आणि तिच्या पाठीशी उभे राहावे, एवढीच माझी व्यवसायबंधूंना व समाजबांधवांना नम्र विनंती.