थालहाइमची सोलर व्हॅली

जुन्या हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत 'ओर्वोकलर' हा शब्द अनेकांनी वाचला असेल. ती फिल्म पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनमधून यायची. १९३६ साली आग्फाची रंगीत फिल्म याच गावात तयार झाली. युद्धानंतर साम्यवादी राजवटीत कारखान्याचं नाव बदललं, पण काम तेच राहिलं. शेजारचं बिटरफेल्ड मात्र वेगळ्याच कारणासाठी ओळखलं जाई. तपकिरी कोळशाच्या उघड्या खाणी आणि रसायनांचे कारखाने यांमुळे युरोपातल्या सर्वांत घाणेरड्या गावांत त्याची गणना होत असे. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले आणि जुन्या यंत्रांवर चालणारा हा सगळा उद्योग काही वर्षांत कोसळला. हजारो लोक घरी बसले, तरुण पश्चिमेकडे निघून गेले.

सौर सेल बनवणाऱ्या क्यू-सेल्स या कंपनीचा कारखाना याच वोल्फेनला लागून असलेल्या थालहाइम नावाच्या खेड्यात उभा राहिला. तिच्या संस्थापकांपैकी राइनर लेमोइन हा मूळचा बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागातल्या डाव्या चळवळीतला अभियंता. त्याने आणि त्याच्या मित्रांनी तिथे 'वुझेलट्रोनिक' नावाचा सामूहिक तंत्रज्ञान-गट चालवला होता. पुढे सोलोन ही सौर मोड्यूल, म्हणजे पॅनेल, बनवणारी कंपनीही त्यानेच सहकाऱ्यांसोबत काढली. पण मोड्यूल जोडायला सेल लागतात आणि ते हवे तेवढे मिळत नव्हते. तेव्हा १९९९ मध्ये लेमोइन, पाउल ग्रुनोव, होल्गर फाइस्ट आणि अँटन मिल्नर या चौघांनी क्यू-सेल्स ही सेलचीच कंपनी काढली. पूर्वेकडे कारखाना टाकणाऱ्याला सरकारी अनुदान मिळत होतं, म्हणून थालहाइमची निवड झाली. २००१ च्या उन्हाळ्यात पहिली उत्पादन-लाइन सुरू झाली, तेव्हा कामगार होते अवघे १९.

सेल बनवण्याची कृती ऐकायला सोपी आहे. सिलिकॉनचा पातळ वेफर घ्यायचा. प्रकाश परत फिरू नये म्हणून रसायनात बुडवून त्याचा पृष्ठभाग खडबडीत करायचा. मग आठशेपेक्षा जास्त अंशांच्या भट्टीत फॉस्फरस त्याच्या वरच्या थरात मुरवायचा. त्यावर सिलिकॉन नायट्राइडचा थर चढवायचा. सेलला तो निळा रंग येतो तो यामुळेच. शेवटी लग्नपत्रिका छापतात तशा स्क्रीन प्रिंटिंगने चांदीच्या बारीक रेघा छापायच्या आणि सेल क्षणभर भट्टीतून काढायचा. फिल्मलाही चांदीच लागायची. वोल्फेनच्या परिसराला चांदी आणि प्रकाश यांचा धंदा नवा नव्हता. खरी कसरत असते ती काचेपेक्षा नाजूक वेफर न फोडता दिवसाला लाखाच्या हिशेबात हा माल काढायचा आणि प्रत्येक सेल मोजून प्रतवारी लावायची यात. क्यू-सेल्सची मंडळी ते फार लवकर शिकली.

मागणी तर कायद्यानेच तयार करून ठेवली होती. हेर्मान शेअर आणि हान्स-योसेफ फेल या खासदारांच्या पुढाकाराने झालेला नवीकरणीय ऊर्जेचा कायदा १ एप्रिल २००० रोजी लागू झाला. छपरावरच्या सौर विजेला युनिटमागे ९९ फेनिग (जवळजवळ एक मार्क), तेही वीस वर्षं बांधून दिलेले. पैसे सगळ्या वीजग्राहकांच्या बिलातून. २००४ च्या दुरुस्तीनंतर तर शेतकऱ्यांपासून दंतवैद्यांपर्यंत सगळ्यांनीच छपरं भरायला घेतली. क्यू-सेल्स लाइनमागून लाइन टाकत गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली. २००७ मध्ये ३८९ मेगावॅट सेल काढून या कंपनीने जपानच्या शार्पला मागे टाकलं आणि जगात पहिला क्रमांक मिळवला. लेमोइनला तो दिवस दिसला नाही. २००६ च्या डिसेंबरात त्याचं निधन झालं होतं. कारखान्यासमोरच्या रस्त्याला 'सोनेनआले' म्हणजे सूर्यवीथी असं नाव पडलं आणि परिसर 'सोलर व्हॅली' म्हणून मिरवू लागला.

मग घसरण सुरू झाली, आणि ती चढणीइतकीच वेगवान होती. २००८ मध्ये सिलिकॉनची इतकी टंचाई होती की सुट्या बाजारात किलोला चारशे डॉलरच्या वर भाव गेला. माल मिळावा म्हणून क्यू-सेल्सने दीर्घ मुदतीचे करार केले. वर्षभरात भाव कोसळला, आणि ते करार गळ्यात अडकले. २००९ चा तोटा एक अब्ज युरोच्या वर गेला. दरम्यान चीनमध्ये प्रचंड कारखाने उभे राहिले होते. त्यांतल्या बऱ्याच भट्ट्या आणि लाइन सेंट्रोथर्म, श्मिड, रोथ उंड राउ अशा जर्मन कंपन्यांनीच विकल्या होत्या. सेल बनवण्याचं बरंचसं शहाणपण यंत्रातच भरलेलं असतं. यंत्र विकलं की तेही बोटीत चढतं. या यंत्रविक्रेत्यांना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही, विकणं हाच त्यांचा धंदा. चूक धोरणात होती. जर्मन कायद्याने विजेला भाव दिला, सेल कुठला हे विचारलंच नाही. ग्राहकाने स्वस्त चिनी पॅनेल घेतलं तरी त्याला तोच भाव मिळत होता.

एप्रिल २०१२ मध्ये क्यू-सेल्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी कोरियाच्या हान्व्हा समूहाने ती विकत घेतली आणि २०१५ मध्ये थालहाइममधलं उत्पादन मलेशियाला हलवलं. संशोधन विभाग इथेच राहिला. २०२१ मध्ये मायर बुर्गर या स्विस कंपनीने थालहाइममध्येच एका बंद पडलेल्या सौर कारखान्याच्या इमारतीत पुन्हा सेल काढायला सुरुवात केली. पूर्वी ही कंपनी सेल बनवण्याची यंत्रं विकायची. आता तिने ठरवलं की आपलं नवं तंत्र विकायचं नाही, स्वतःच वापरायचं. शहाणपण बरोबर होतं, पण वेळ गेली होती. चिनी मालाच्या भावापुढे तिचाही टिकाव लागला नाही आणि २०२५ मध्ये तिच्या जर्मन कंपन्यांनीही दिवाळखोरी जाहीर केली.

आपल्याकडे सेल कुठला हा प्रश्न उलट्या बाजूने हाताळला जातो आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत छपरासाठी अनुदान हवं असेल तर मोड्यूलच नव्हे, त्यातले सेलही भारतीय बनावटीचे असावे लागतात. जर्मनीने न विचारलेला प्रश्न भारताने विचारला, हे बरंच झालं. त्याची किंमत ग्राहक मोजतो, कारण देशी सेलचं पॅनेल महाग पडतं. पण साखळी सेलपाशी संपत नाही. आपल्या सेल कारखान्यांना लागणारे बहुतेक वेफर आणि बरीचशी यंत्रं आजही चीनमधूनच येतात.